अष्टविनायकातले सात

परवा माळा आवरताना एक जुनी शंभर पानी वही सापडली. पानापानावर तारीख, वेळ आणि "ओझर पुन्हा बंद", "पालीचा पंखा बदलला" असलं काहीतरी. बायकोला वाटलं यात्रेचा हिशेब आहे. एका अर्थी होताच.

गोष्ट २००३-०४ची, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची. नोव्हेंबर २००३मध्ये बातमी आली की अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठानं ॲपलचे ११०० जी-फाइव्ह डेस्कटॉप जोडून महासंगणक केला आणि तो जगात तिसरा आला. कल्पना तशी जुनी. १९९४मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी ४८६ जातीचे १६ पीसी साध्या इथरनेटनं जोडले होते. त्याचं नाव बेओवुल्फ. म्हटलं, आपणही करू!

कॉलेजनं मोडीत काढलेले आठ पेंटियम-थ्री मिळाले. आठ म्हणजे नावं ठरलेलीच: मोरगाव, सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव. एका मशिनवर लिनक्स टाकायचं, डिस्कची नक्कल बाकीच्यांवर करायची, फाइली एनएफएसनं सगळ्यांना दिसतील असं करायचं, पासवर्डशिवाय एसएसएच, वर एमपीआय. शनिवारी सकाळी बसलो, रविवारी संध्याकाळी आठही मशिन्सनी "हजर" छापलं. आम्ही तिघं नाचलो.

आमचा प्रश्न होता तापलेल्या पत्र्यात उष्णता कशी पसरते. पत्र्याच्या आठ पट्ट्या, एकेक मशिनला एकेक. प्रत्येक पायरीला शेजाऱ्याकडून कडेचे आकडे घ्यायचे आणि पुढं जायचं. हे पंगतीसारखं आहे. सगळ्यात सावकाश जेवणाऱ्याचं होईपर्यंत कोणी उठायचं नाही. एक मशिन रेंगाळलं की सात जण हात वाळवत बसतात.

आणि रेंगाळायला कारणं किती! धूळ, उन्हाळा, लाइट. तुम्ही म्हणाल, एखादं मशिन कधीतरी बिघडणारच. पण गणित करून बघा. एक पीसी हजार दिवसांतून एकदा बंद पडतो असं धरलं, तर आठांपैकी कोणीतरी सव्वाशे दिवसांनी पडणार, आणि ११०० असतील तर जवळजवळ रोज एक. आमची तर मोडीतली, दर आठवड्याला कोणीतरी रुसायचंच. लॅबचे काका झाडू मारताना नुसत्या आवाजावरून सांगायचे, "तिसऱ्याचा पंखा गेलाय बघा." वही त्यांच्याच सांगण्यावरून सुरू केली.

बंद पडणारं मशिन परवडलं हो. ते निदान कळतं. मार्चमध्ये वेगाचे सुंदर आलेख सरांना देऊन झाले होते. मग एका रात्री सहज लक्षात आलं की उष्णता पत्र्याच्या बरोबर मध्यावर दिलीय, तर दुसऱ्या आणि सातव्या पट्टीची उत्तरं आरशातल्यासारखी जुळायला हवीत. जुळत नव्हती. शेवटच्या आकड्यांत थोडा फरक चालतो, पण हा तिसऱ्याच दशांशात होता. पट्ट्यांची अदलाबदल केली, तर चूक ओझरबरोबर हलली. रात्रभर मेमरी तपासायला लावली आणि सकाळी पडद्यावर लाल ओळी. विघ्नहराचंच विघ्न! मशिन एकदाही बंद न पडता किती दिवस खोटी उत्तरं देत होतं, देव जाणे.

आमच्यातला एक म्हणाला, "कोण बघतंय? आलेख वेगाचे आहेत, उत्तरांचे नाहीत." खरं सांगतो, मलाही क्षणभर पटलं. सबमिशनला बारा दिवस उरले होते. पण ती वही समोर होती, आणि "ओझरची मेमरी खराब" हे मी स्वतःच्या हातानं त्यात लिहून बसलो होतो. सरांना जाऊन सांगितलं. सर काही बोलले नाहीत, नुसते आधीचे आलेख परत केले. सात मशिन्सवर जेवढं पुन्हा चालवता आलं तेवढंच रिपोर्टात गेलं, ठरवल्याच्या जेमतेम निम्मं.

नंतर कळलं, व्हर्जिनिया टेकच्या त्या डेस्कटॉपमध्येही उलटलेला बिट ओळखून दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी नव्हती. २००४मध्ये त्यांनी सगळे ११०० जी-फाइव्ह काढून ईसीसीवाले सर्व्हर बसवले. आम्ही एक काढला, एवढाच फरक.

आता कामावर मशिन्स मोजायची सोय राहिली नाही, ती कुठं आहेत तेही माहीत नसतं. पण नवीन क्लस्टर हाती आला की पहिलं गणित मी असंच देतो, ज्याचं उत्तर मला आधी माहीत आहे. टीममधली पोरं हसतात. हसू देत.

असो. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी रिपोर्ट उघडून पहिलाच प्रश्न विचारला, "नाव अष्टविनायक, मग मशिन्स सातच कशी?" अर्धा तास आम्ही आठव्याबद्दलच बोलत होतो.