पंधरावा मॉप

मॉप, म्हणजे ऑपरेशनमध्ये रक्त टिपायची कापडं, पाच-पाचच्या गड्डीत येतात. प्रत्येकात क्ष-किरणांत दिसणारा धागा विणलेला असतो. ऑपरेशनआधी, पोट बंद करण्याआधी आणि कातडी शिवताना ते मोजायचे. टेबलापाशी मी आणि फ्लोअरवरची सिस्टर, अशा दोघींनी, मोठ्याने. मनातल्या मनात केलेली मोजणी मी धरतच नाही.

त्या रात्री तातडीचं सिझेरियन होतं. रक्तस्राव थांबेना, भराभर गड्ड्या उघडल्या. अखेर रक्त आटोक्यात आलं, सरांनी पोट बंद करायला सुई मागितली, तोच फ्लोअरवरची धाकटी सिस्टर म्हणाली, "सर, एक मॉप कमी आहे."

"बादलीत बघा नीट."

तिने बादली पालथी केली, चादरी झटकल्या. टेबलावरचे मी पुन्हा मोजले.

"चौदाच आहेत, सर. पंधरा उघडलेत."

नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी. आवाज कापत होता, पण आकडा सोडेना. भूलतज्ज्ञ मॅडमनी मॉनिटरकडे पाहिलं. "बीपी चांगलं आहे. शोधा तुम्ही." सरांनी पुन्हा हात घातला आणि पोटाच्या कडेला, आतड्यांमागे दडलेला मॉप बाहेर काढला. रक्ताने भिजलेला मॉप आतड्यांत वेगळा दिसत नाही. तिथे नजर फसते, म्हणून तर आकडा लागतो.

मूळ विदर्भातल्या घरातले अमेरिकी सर्जन अतुल गवांदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००३चा अभ्यास सांगतो, की तातडीच्या शस्त्रक्रियेत शरीरात वस्तू राहण्याचा धोका सुमारे ९ पट असतो. मला हादरवलं ते पुढच्या आकड्याने: वस्तू राहिलेल्या ज्या रुग्णांत मोजणी झाली होती, त्यांतल्या ८८ टक्क्यांत ती 'बरोबर' म्हणूनच नोंदली गेली होती!

जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित शस्त्रक्रियेसाठीच्या १९ मुद्द्यांच्या यादीत म्हणूनच सिस्टरने मोजणी तोंडाने सांगायची असते. नवी दिल्लीसह ८ शहरांतल्या रुग्णालयांत ती यादी वापरल्यावर मृत्यूंचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. पण रुग्ण टेबलावर येण्याआधीच सगळ्या खुणा करून ठेवलेले कागदही मी पाहिलेत. मला त्याची चीड येते. तो कागद त्या मुलीला बोलायची जागाच ठेवत नाही.

आणि रात्रपाळीत दोन टेबलांमागे एकच फ्लोअर सिस्टर असेल, तर दोघींनी मोजायचं कसं? दर बैठकीत मी हे विचारते. परवा ते पहिल्यांदा इतिवृत्तात लिहून घेतलं.