इस्टेट, आई आणि माहूरचा घाट

मी इस्टेट घेतो आहे ही बातमी नातेवाइकांत पसरली, तेव्हा पहिला फोन कंधारहून काकांचा आला.

"काय रे, इस्टेट घ्यायलास म्हणे? कुठल्या शिवारात?"

"काका, शेत नव्हे. मोटार."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग काका म्हणाले, "मोटारीला इस्टेट म्हणायलेत का आता? मग शेताला काय म्हणायचं?" आणि फोन ठेवला. त्यांच्या आवाजातली निराशा मला लपली नाही. पुतण्या अखेर चार एकर करतो आहे, असे त्यांना दोन दिवस वाटले होते.

चूक त्यांची नव्हे. ज्या मोटारीचे छप्पर मागच्या टोकापर्यंत सरळ जाते, जिची डिकी आणि बैठक यांत भिंत नसते आणि जिचे मागचे दार वर उघडते, तिला इंग्रज लोक इस्टेट म्हणतात. अमेरिकेत तिलाच स्टेशन वॅगन म्हणत, कारण रेल्वे स्टेशनावर उतरलेली माणसे आणि त्यांच्या ट्रंका घरी पोचवण्याचे काम तिच्याकडे असे. आपल्याकडे या जातीला कधी फारसे भाग्य लाभले नाही. टाटांनी 1992 साली पुण्याहून अशी एक गाडी काढली आणि तिचे नावच 'इस्टेट' ठेवले. रस्त्यावर लोक वळून बघत, पण विकत मात्र दुसरेच काही घेत. लांब डिकी म्हणजे मालवाहू गाडी, आणि मालवाहू गाडीतून मुलीकडच्या मंडळींसमोर कसे उतरायचे, हा आपला प्रश्न.

परदेशात मात्र काही चक्रम मंडळींनी या बैलगाडीला शर्यतीचा घोडा जोडला. 1994 साली ऑडीने पोर्शेच्या मदतीने तीनशेहून अधिक अश्वशक्तीची इस्टेट बनवली. त्याच साली व्होल्वोने आपली 850 इस्टेट ब्रिटनमधल्या मोटारशर्यतीत उतरवली. कुत्रे आणि किराणा न्यायची गाडी शर्यतीच्या रिंगणात पळताना पाहून तिथले लोक हसले आणि खूषही झाले. पुढे 2015 साली ऑडीची 560 अश्वशक्तीची इस्टेट भारतातही आली, कोटीच्या वरच्या किमतीत. ती आपल्यासाठी नव्हे हे सांगायला नको.

आपल्यासाठी जी होती ती मारुतीची बलेनो अल्टुरा. आजच्या बलेनोशी तिचे नावापुरतेच नाते. 1600 सीसीचे सोळा व्हॉल्व्हचे पेट्रोल इंजिन, चौऱ्याण्णवच्या आसपास अश्वशक्ती. आज हा आकडा ऐकून कॉलेजातला पोरगाही हसेल. पण त्या काळी साधी मारुती 800 सदतीस अश्वशक्तीवर संसार करीत होती हे ध्यानात घ्यावे. तेव्हा मी तरुण होतो, बलेनोची जाहिरात कापून टेबलाच्या काचेखाली ठेवली होती, आणि खिशात स्कूटरच्या पेट्रोलपुरते पैसे होते. एवढे सांगितले म्हणजे बाकीचे वाचकांच्या ध्यानात येईल.

त्यामुळे चिरंजीवांनी "बाबा, नांदेडातच एक अल्टुरा विकायला आहे, 2005 सालची, एकहाती" असे सांगितले, तेव्हा मी वर्तमानपत्रातून डोके न काढता "बरं" म्हणालो आणि तासाभराने गाडी पाहायला गेलो.

मालक एक निवृत्त डॉक्टर. गाडी पांढरी, पत्र्याच्या शेडखाली, अंगावर चादर पांघरलेली. किंमत सांगितली पावणेदोन लाख. घरी येऊन मी कारणांची जुळवाजुळव केली. आई ब्याऐंशीची. दोन्ही गुडघे गेलेले. आमची कुलदेवता माहूरची रेणुका. वर्षातून दोनदा तरी तिथे जायचे असते, आणि जाताना चाकांची खुर्ची, पुरणाचा डबा, ओटीचे सामान, पाण्याचा कॅन आणि सौभाग्यवतींच्या दोन पिशव्या न्याव्या लागतात. आमच्या छोट्या गाडीत खुर्ची ठेवली की एक माणूस घरी ठेवावा लागतो. तेव्हा आईसाठी ही गाडी घ्यावी, असे मी जाहीर केले. आई पोथी वाचत होती. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि पान उलटले.

आमचा मिस्त्री मात्र हौशी नव्हे. त्याने इंजिन थंड असतानाच सुरू करून घेतले. मालकाने आधी तापवून ठेवलेली गाडी बघण्यात अर्थ नाही, असे तो म्हणतो. मागे निळा धूर नव्हता. ऑइलचे झाकण उघडून आतून बोट फिरवले, गाळ नव्हता. चॅसिसचा नंबर आरसी बुकाशी ताडून पाहिला. टायरवर छापलेला आठवडा आणि वर्ष वाचून दाखवले. टायर दिसायला नवे, वयाने आठ वर्षांचे. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती नाही, तेव्हा तो बदललेला नाही असेच धरायचे. मग त्याने पेट्रोलच्या रबरी नळ्या दाबून पाहिल्या. आता पंपावर मिळते त्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते. 2005 सालच्या नळ्या आणि वायसर काही त्यासाठी केलेले नाहीत. ते बदलावे लागतील, आणि एव्हरेजही थोडे खाली येईल. शेवटी तो मागचे दार उघडायला गेला आणि ते त्याच्या डोक्यावर आले. दार वर तोलून धरणाऱ्या दोन नळ्यांतला गॅस वीस वर्षांत संपून गेला होता. डॉक्टरांनी शांतपणे कोपऱ्यातली वेळूची काठी आणून दिली. "ही गाडीबरोबरच मिळेल," ते म्हणाले.

खरा काटा कागदांत होता. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. ती 2020 साली संपली, डॉक्टरांनी पाच वर्षांची वाढवून घेतली, आणि आता तीही संपत आलेली. पुन्हा आरटीओत नेऊन पासिंग करायचे. शिवाय 2025 च्या ऑगस्टपासून केंद्र सरकारने वीस वर्षांवरच्या मोटारीची नूतनीकरणाची फी पाच हजारांची दहा हजार केली आहे. त्यावर महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. मी कागदावर बेरीज मांडली आणि तो कागद घडी करून पाकिटात ठेवला. सौभाग्यवतींच्या हाती लागेल अशा जागी ठेवला नाही.

"माहूरला नेऊन आणा, मग बोलू," डॉक्टर म्हणाले. गौरी जेवून गेल्या होत्या, पितृपक्ष लागायला दोन-तीन दिवस होते, आणि नवरात्रात तर गडावर पाय ठेवायला जागा नसते. आम्ही पहाटे निघालो.

खुर्ची घडी घालून मागे ठेवली. तिच्यावर डबे, डब्यांवर पिशव्या, आणि तरीही इतकी जागा उरली की अर्धापूरला केळ्यांचा अख्खा घड घेतला. सौभाग्यवती प्रथमच गाडीबद्दल चांगले बोलल्या. अर्धापूर मागे पडले, रस्ता रुंद झाला, आणि मी पाय थोडा दाबला. काय सांगू! वीस वर्षांचे ते इंजिन तक्रार न करता खेचू लागले. पुढचा ट्रक मागचा ट्रक कधी झाला कळले नाही. काटा शंभराकडे गेला तेव्हा मला पंचवीस वर्षांपूर्वीची टेबलावरची काच दिसत होती.

"कशाची घाई आहे?" मागून आई म्हणाली. मी पाय उचलला.

हदगाव सोडून पैनगंगा ओलांडली की विदर्भ सुरू होतो. उमरखेड, महागाव करीत धनोड्याला आलो की तीच पैनगंगा पुन्हा ओलांडून मराठवाड्यात परतायचे. नदी भरून, गढूळ पाण्याने वाहत होती. आईने दोन्ही वेळा पुलावर हात जोडले. मग सागाची झाडे दाट होऊ लागली, भाद्रपदातली ती ताटाएवढी पाने, आणि माहूरचे डोंगर दिसले. एका शिखरावर रेणुका, दुसऱ्यावर दत्त, तिसऱ्यावर अनसूया.

माहूरचे आणि घाटाचे नाते इतिहासातही आहे. इथली देशमुखीण सावित्रीबाई ऊर्फ रायबागन मोगलांकडून लढत असे. 1661 साली कारतलबखान अवजड लवाजमा घेऊन उंबरखिंडीच्या अरुंद वाटेत शिरला आणि शिवाजी महाराजांनी त्याला दोन्ही बाजूंनी कोंडले, तेव्हा खानाबरोबर तीही होती, आणि शरण जाण्याचा शहाणा सल्ला तिनेच दिला असे सांगतात. घाटात सामानाचे ओझे काय करते हे तिला पुरते कळले असावे. मला ते कळायचे होते.

गडाच्या पायथ्याशी गाडी लावली. आता आईने उतरायचे. इथे एक गोष्ट झाली, जी मिस्त्रीच्या यादीत नव्हती. तिने एक पाय बाहेर टाकला, दाराला धरले, आणि ती उठू शकेना. या गाडीची बैठक खाली, जवळजवळ रस्त्याला टेकलेली; वळणावर गाडी डुलत नाही ती त्यामुळेच. पण गुडघे गेलेल्या माणसाला त्या बैठकीतून उठणे म्हणजे विहिरीतून वर येणे. मी एक हात धरला, चिरंजीवांनी दुसरा, आणि आम्ही तिला अक्षरशः ओढून काढले. ती काही बोलली नाही. पदर सारखा केला आणि पायऱ्यांकडे बघितले.

पायऱ्या मात्र ती चढली. खुर्ची पायथ्याशीच राहिली, कारण पायऱ्यांवर चाकांचा उपयोग काय? दर वळणाला बांगड्या-कुंकवाच्या दुकानाच्या फळीवर टेकायचे, दुकानदारणीची चौकशी करायची, पुन्हा उठायचे. दीड तास लागला. गाभाऱ्यात देवीचा तो भव्य शेंदरी मुखवटा. कथा अशी, की जमदग्नीच्या वधानंतर परशुरामाने एका पारड्यात पित्याचा देह आणि दुसऱ्यात आईला बसवून कावड खांद्यावर घेतली आणि कोरी भूमी शोधत तो माहूरला आला. अंत्यविधी झाले, आई सती गेली. शोक करणाऱ्या मुलाला आकाशवाणी झाली की ती पुन्हा भूमीतून प्रकटेल, पण मागे वळून पाहू नकोस. त्याला राहवले नाही. त्याने पाहिले, आणि तेवढे मुखच वर आले.

मग दत्तशिखराचा घाट. चढताना गाडीने दुसऱ्या गिअरवर कौतुक करावे असे काम केले. उतरताना माझी चूक झाली. हौसेच्या भरात गाडी गिअरमध्ये धरायची सोडून मी ब्रेकवर पाय ठेवून उतरत राहिलो. चौथ्या-पाचव्या वळणाला आई म्हणाली, "काय करपायलंय?" पुढच्याच क्षणी ब्रेक मऊ लागला. गाडी कडेला घेतली. पाच माणसे, डबे, केळ्यांचा घड, खुर्ची. सगळे वजन त्या जुन्या लायनरवर मी टांगले होते. चाकांतून धूर निघत होता. माझे हात गार पडले. समोर दरी होती, फार खोल नव्हे, पण पुरेशी.

अर्धा तास थांबायचे ठरले. पुन्हा आईला ओढून काढणे आले, पण तिने स्वतःच सांगितले, "मागचं दार उघड." कसेबसे तिला मागे आणले. डिकीचा काठ पुढच्या बैठकीपेक्षा उंच, तिच्या गुडघ्यांना नेमका. ती तिथे पाय सोडून बसली, ओसरीच्या कठड्यावर बसावी तशी. वेळूची काठी घाईत घरीच राहिली होती, म्हणून ते दार मी दोन्ही हातांनी डोक्यावर तोलून उभा. तिने पदराच्या गाठीतून गडावरचा तांबूल काढला, कुटलेल्या विड्याचा तो प्रसाद, चिमूटभर माझ्या तोंडात घातला. माझे हात मोकळे नव्हते.

"परशुरामाने कावडीतून आणलं," ती म्हणाली, "तू हिच्यातून. बरी आहे गाडी."

"तुला उतरता येत नाही ना पण."

"येत नाही. ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, शेडमध्ये पाहिली तेव्हा." तिने तांबूल चघळला. "तुला घ्यायची असली तर घे. हौस असते माणसाला. पण माझ्या गुडघ्यांसाठी घेतली असं कुणाला सांगू नकोस. उद्या ती बंद पडली की मला वाईट वाटत बसेल."

मी काही बोललो नाही. हात भरून आले होते, पण दार सोडता येत नव्हते.

खाली दुसऱ्या गिअरवर, इंजिनाच्या जोरावर गाडी धरून, सायकलच्या वेगाने उतरलो. परतीच्या वाटेवर महागावच्या आसपास मी पाकिटातला कागद काढून सौभाग्यवतींच्या हाती दिला. त्यांनी तो मोबाइलच्या उजेडात दोनदा वाचला, त्यात ब्रेकचे लायनर आणि डिस्क मिळवल्या, आईच्या वर्षातल्या दोन वाऱ्यांसाठी उंच बैठकीची गाडी ड्रायव्हरसकट भाड्याने घेतली तर काय पडेल ते खाली लिहिले, आणि बेरजेखाली एक रेघ ओढून कागद परत दिला. रेघेखाली त्यांनी लिहिले होते: सव्वा लाख, त्यावर एक रुपया नाही, आणि पासिंग त्यांनी करून द्यायचे.

रात्री साडेनऊला गाडी डॉक्टरांच्या शेडखाली लावली. तो आकडा सांगताना माझी जीभ अडखळली. डॉक्टर गाडीच्या टपावरून हात फिरवत बराच वेळ उभे राहिले. माहूरला त्यांचीही आई याच गाडीतून जात असे, हे त्यांनी तेव्हा सांगितले.

"पासिंग होऊ द्या," ते म्हणाले, "मग कळवतो." मग चादर पांघरता पांघरता विचारले, "काठी कुठे आहे?"