मॉन्टाजराव

पडद्यावर अंधारी पहाट झाली, लांबून ढोल वाजायला लागला आणि बुटाची नाडी करकचून बांधणारे दोन हात जवळून दिसले, की समजावं, मॉन्टाजराव आले. बाई बॉक्सर असो, कुस्तीगीर असो, कबड्डीपटू असो, तिच्या सिनेमात हे येणारच. येतात साधारण मध्यंतराच्या अलीकडे-पलीकडे आणि राहतात तीन-साडेतीन मिनिटं. तेवढ्यात नायिकेला धाप लागायची थांबते, दंड भरतात, काल हसणारे शेजारी दारात उभे राहून कौतुकानं बघायला लागतात. मग राव जसे आले तसे निघून जातात. श्रेयनामावलीत त्यांना शोधू नका. गायक सापडेल, गीतकार सापडेल, संकलक सापडेल. यांचं नाव नाही.

राव पहाटेचे. दुपारी फारसे दिसत नाहीत. अंगावर कायम घाम, आणि त्या घामाला वास नाही. चिखल, जुने टायर, दोरखंड आणि जिने यांच्यावर फार जीव. पाऊस लागला तर अधिकच खुलतात. बोलणं जवळजवळ नाही. कुणी संवाद म्हणायला लागलं की यांची चुळबुळ सुरू. सुरुवातीला नायिकेला दोनदा पाडतात, तिसऱ्यांदा उठवतात, आणि हा क्रम त्यांनी आजवर मोडलेला नाही. बाईचं करिअर मैदानावरचं नसून टेबलावरचं असलं की मात्र त्यांची जरा पंचाईत होते. टेबललॅम्प, कॉफीचा मग, फळाभर गणितं, चष्मा काढून डोळे चोळणं... यापलीकडे बुद्धीचे कष्ट कसे दाखवायचे, हे त्यांना अजून सुचलेलं नाही.

घराणं मूळचं रशियन. 1920च्या दशकात कुलेशोव्ह, पुदोव्हकिन, आयझेनस्टाइन या मंडळींनी दाखवून दिलं, की फिल्मचे दोन तुकडे शेजारी ठेवले तर दोन्हींत नसलेला तिसराच अर्थ तयार होतो. या जोडणीचंच नाव मॉन्टाज. रावांचे आजोबा त्या काळातले, आणि मोठे कडक. 'बॅटलशिप पोटेमकिन'मध्ये (1925) ओडेसाच्या पायऱ्यांवर त्यांनी वेळ ताणून ताणून लांबवला. लोक जिवाच्या आकांतानं धावतायत आणि जिना संपत नाही. नातवानं पायऱ्या तेवढ्या ठेवल्या आणि वेळ आखडता घेतला. 1976च्या 'रॉकी'मध्ये सिल्व्हेस्टर स्टॅलोन फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या 72 पायऱ्या धावत चढला, वर जाऊन हात उंचावले, आणि तेव्हापासून रावांना जगभर मागणी आली.

या घराण्यातली एक बाई मात्र सहसा कुणी सांगत नाही. झिगा व्हेर्तोव्हचा 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा' (1929) संकलित केला त्याच्या बायकोनं, येलिझावेता स्विलोवानं. ती त्या सिनेमात दिसतेसुद्धा. टेबलाशी बसून फिल्मचे तुकडे निवडते, कापते, जोडते, आणि तिनं जोडलेलंच आपण पाहत असतो. काम करणारी बाई आणि तिचं काम एकाच वेळी पडद्यावर. पुढे रावांनी बायकांच्या करिअरवर इतकी गाणी केली, पण आजीची ही तऱ्हा काही उचलली नाही.

उलट बाईचं काम झाकण्यात त्यांचा हात आहे. 'फ्लॅशडान्स' (1983) पाहिलाय? पिट्सबर्गमधली मुलगी दिवसा पोलादाच्या कारखान्यात वेल्डिंग करते, रात्री नाचते, आणि नृत्यशाळेत प्रवेश मिळवायची स्वप्नं बघते. राव त्या सिनेमात अगदी रंगात आलेले आहेत. पण नायिका झालेल्या जेनिफर बील्सच्या जागी नाचाचा मोठा भाग केला मरीन जहान नावाच्या नर्तिकेनं, आणि सिनेमाच्या श्रेयनामावलीत तिचं नाव नव्हतं. कष्टाळू बाईची कथा सांगताना कष्ट करणाऱ्या बाईचंच नाव गाळायचं, म्हणजे कमाल झाली.

तरीही माणूस वाईट नाही. 'दंगल' (2016) बघताना थिएटरात मुलींचे डोळे कसे लकाकत होते, ते ज्यांनी पाहिलं ते रावांना सरसकट नावं ठेवणार नाहीत. तिथे नितेश तिवारींनी त्यांना एक गमतीची अट घातली: गाणं बापाच्या बाजूनं नाही, मुलींच्या बाजूनं. पहाटे पाचला उठवणाऱ्या, चटकमटक खाणं बंद करणाऱ्या बापाबद्दल दोन पोरींची तक्रार, आणि त्या तक्रारीतून सराव होत जातो. एरवी रावांच्या गाण्यात तक्रारीला जागा नसते. त्याच घरात, आपल्या स्वयंपाकघरात कोंबडी शिजू देणार नाही, असं आई ठणकावते आणि बापाला वेगळी चूल मांडावी लागते, हेही त्या सिनेमात आहे. चूल आणि सराव यांचा संबंध असतो, एवढं तरी राव तिथे शिकले.

'मेरी कोम'मध्ये (2014) मात्र ते पुन्हा जुन्या वळणावर गेले. खऱ्या मेरीला 2007मध्ये जुळे मुलगे झाले आणि 2008मध्ये चीनमधल्या निंगबोला तिनं चौथ्यांदा जागतिक विजेतेपद मिळवलं. या दोन सालांच्या मध्ये काय काय झालं असेल, ते कुठल्याही आईला विचारा. सिनेमात नवरा पोरांना सांभाळतो हे दिसतं, आणि ते दाखवलं हे चांगलंच. पण रावांना घाई. ते तिला डोंगरात घेऊन जातात, गाणं लावतात, आणि खाली येते ती तयार बॉक्सर. बाळंतपणानंतरचं शरीर हा विषय त्यांच्या हद्दीत येत नाही.

रावांबद्दलची माझी खरी तक्रार ही आहे. त्यांचा धंदाच वेळ गिळण्याचा, आणि बाईच्या करिअरची गोष्ट ही बहुतेक वेळा वेळेचीच गोष्ट असते. पुरुषाच्या सिनेमात तीन वर्षं तीन मिनिटांत बसवली तर फार काही सांडत नाही. त्या तीन वर्षांत त्याचा डबा कुणीतरी भरतच होतं. बाईच्या बाबतीत जे सांडतं, तेच तर सांगायचं असतं: डबा, पोराचा ताप, सासूची औषधं, कामवाली न येणं, रजा मागताना साहेबांचा चेहरा. राव ओट्याजवळ फिरकत नाहीत. अश्विनी अय्यर तिवारींच्या 'पंगा'नं (2020) त्यांना हाताला धरून घरात आणलं. भोपाळची जया निगम, रेल्वेत तिकीट खिडकीवर बसणारी, एकेकाळची कबड्डी कर्णधार, पुन्हा मैदानात उतरते. आणि तिच्या सरावाबरोबर नवऱ्याची घरातली तारांबळही दिसते. राव तिथे जरा अवघडलेलेच वाटतात, पण आले हे महत्त्वाचं.

त्यांच्या सिद्धान्ताचीही एक अडचण आहे. घाम गाळा, फळ मिळेल, एवढंच त्यांना ठाऊक. रॉकीच्या पायऱ्या ज्या फिलाडेल्फियात आहेत, त्याच शहरात 11 मार्च 1886 रोजी आनंदीबाई जोशींना वैद्यकीय पदवी मिळाली. संग्रहालयाची ती इमारत तेव्हा नव्हती, ती 1928मध्ये खुली झाली. कडाक्याची थंडी, शाकाहाराचा हट्ट, परका देश आणि पोखरत जाणारं दुखणं. पदवी घेऊन बाई परतल्या, कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूकही झाली होती, आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. इथे मेहनतीनं पदवी दिली, पण प्रकृतीही खाल्ली. समीर विद्वांस यांचा 'आनंदी गोपाळ' (2019) अमेरिकेला पोचायची घाई करत नाही, आधीची वर्षं दाखवत बसतो, नवरा-बायकोतली ओढाताण, मूल जाणं, गावं बदलणं, लोकांचं बोलणं. आणि ते फार बरोबर आहे. ही कथा रावांच्या हाती पूर्णपणे सोपवली असती, तर त्यांनी पदवीदान समारंभात ढोल वाजवून निरोप घेतला असता.

ज्या मराठी सिनेमानं त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलंच नाही, तो जब्बार पटेलांचा 'उंबरठा' (1982). शांता निसळ यांची 'बेघर' कादंबरी, तेंडुलकरांची पटकथा. स्मिता पाटीलची सुलभा घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक होते. आता या नोकरीला सराव काय दाखवणार? फायली, व्यवस्थापन समितीच्या बैठका, आश्रमातल्या बायकांची भांडणं, पळून जाणाऱ्या मुली, वरून येणारं दडपण. दंड भरत नाहीत, पदक नाही, शेजारी कौतुक करत नाहीत. त्या सिनेमातलं सुरेश भटांचं, लतादीदींनी गायलेलं गाणं आठवा. ते गाणं काळ पुढे ढकलत नाही. उलट बाईला एकटीला बसवून तिचा वेळ तिच्यासमोर ठेवतं. आणि सुलभा घरी येते तेव्हा मुलगी जाऊबाईंची झालेली असते, नवरा दुसरीकडे गुंतलेला असतो. रावांच्या सिनेमात मधली वर्षं फुकट मिळतात. इथे त्यांची किंमत वसूल होते, आणि तरीही बाई पुन्हा घर सोडून निघते. करिअर करणाऱ्या बाईवर मराठीत याहून खरा सिनेमा झालेला नाही, असं मी म्हणेन. वाद घालायचा असेल त्यानं तो पुन्हा पाहून घालावा.

गौरी शिंदेंच्या 'इंग्लिश विंग्लिश'मध्ये (2012) तर रावांची सरळ फजिती झाली. पुण्याची शशी गोडबोले, लाडू करून विकणारी. दिग्दर्शिकेची आई पुण्यात लोणच्यांचा व्यवसाय करायची, तिच्यावरून ही कथा सुचलेली. न्यूयॉर्कमध्ये चार आठवड्यांचा इंग्रजीचा वर्ग. सगळं रावांच्या पद्धतीनं चाललेलं, गाणं, रस्ते, नवे मित्र. आता परीक्षा आणि टाळ्या, एवढंच बाकी. आणि ऐन परीक्षेच्या दिवशी, भाचीच्या लग्नाचे लाडू जमिनीवर सांडतात. सगळे. शशीला ते पुन्हा वळावे लागतात. श्रीदेवी तिथे ज्या चेहऱ्यानं बसते, तो चेहरा कुठल्याही गाण्यात बसवता येत नाही. परीक्षा हुकते. बाईच्या वेळेचा हिशेब हिंदी सिनेमात इतक्या थोडक्यात क्वचितच मांडला गेला असेल.

मग रावांना घरी बसवायचं का? नाही. त्यांना नवं काम देता येतं, आणि दोन ठिकाणी ते दिलं गेलंय. पहिलं 'हिडन फिगर्स'मध्ये (2016). नासाच्या लँग्ली केंद्रात, 1961च्या सुमारास, कॅथरीन जॉन्सन गणितं घेऊन धावते. कुठे? कृष्णवर्णीयांसाठीचं स्वच्छतागृह अर्ध्या मैलावर आहे, तिकडे. उंच टाचांचे बूट, छातीशी फायली, मागे फॅरेल विल्यम्सचं गाणं, आणि हेच पुन्हा पुन्हा. इथेही बाई धावतेय, पण या धावण्यानं ती कशातही तरबेज होत नाही. तिचा फक्त वेळ जातो. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. खरी कॅथरीन जवळच्याच, पाटी नसलेल्या स्वच्छतागृहात बिनदिक्कत जात असे, आणि मार्गो ली शेटर्लीच्या मूळ पुस्तकात हा अपमान तिची सहकारी मेरी जॅक्सन हिच्या वाट्याला आलेला आहे. दिग्दर्शकानं तो इकडून उचलून तिकडे ठेवला. रावांच्या हाती गेलं की तपशिलांची अशी सरमिसळ होते.

दुसरं काम मल्याळममध्ये, जिओ बेबीच्या 'द ग्रेट इंडियन किचन'मध्ये (2021). लग्न होऊन आलेली मुलगी नृत्यशिक्षिकेच्या नोकरीला अर्ज करायचं म्हणते. सासरे नको म्हणतात. आणि इथे दिग्दर्शकानं रावांना चक्क स्वयंपाकघरात कोंडलं. चिरणं, वाटणं, तळणं, वाढणं, उष्टं काढणं, ओटा पुसणं. पुन्हा चिरणं, पुन्हा वाटणं. सिंकखालचा पाइप गळतोय, प्लंबरला बोलवा म्हणून ती सांगतेय, नवरा विसरतोय. तीच घाई, तेच तुकडे, तीच लय, फक्त ढोल नाही. आणि शेवटी कुणी तरबेज झालेलं नसतं, तर पोट ढवळायला लागलेलं असतं. ती घर सोडते, पुढे नृत्य शिकवते. नवरा दुसरं लग्न करतो, आणि चहाचा रिकामा कप नव्या बायकोसाठी ठेवून देतो.

मराठीत आता बायकांवरचे सिनेमे चालतात, हे 'बाईपण भारी देवा'नं 2023मध्ये दाखवून दिलं. नऊवारी नेसून बायकांचे घोळके थिएटरात गेले. तेव्हा पुढची मराठी बॉक्सर, वैज्ञानिक किंवा पोलीस अधिकारी पडद्यावर आणणाऱ्या दिग्दर्शक-संकलकांना एवढीच विनंती: मॉन्टाजरावांना जरूर बोलवा, पण साडेतीन मिनिटांतलं निदान एक मिनिट त्यांची ड्यूटी ओट्याशी लावा.