सर्व्हर हलवा, प्रत ठेवा

अंबरनाथच्या मोरिवली एमआयडीसीत सर्व्हर सांभाळायचा म्हणजे हवेशी भांडण. आमची कंपनी लहान, रसायन कारखान्यांतल्या यंत्रांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारी. सगळा कोड आतल्या खोलीतल्या गिटलॅबवर. नेटवर्क कार्ड काढून बघावं तर पट्ट्यांच्या कडेचं तांबं काळवंडलेलं. हवेत गंधकाचा अंश असला की तांब्याचं दुसरं काय होणार? त्यात शुक्रवारी जाणारी लाइट, यूपीएसच्या बॅटऱ्या, आणि पावसाळ्याचं तर विचारूच नका. कोड क्लाउडवर न्यायचं ठरलं तेव्हा मी तरी हळहळलो नाही.

कोड हलवणं तसं सोपं. लिनस टोरवाल्ड्सनं २००५ मध्ये गिट लिहिलं तेच असं, की प्रत्येक पूर्ण क्लोनमध्ये पहिल्या कमिटपासूनचा इतिहास असतो. मिरर क्लोन करा, नव्या जागी पुश करा, झालं. (जुन्या कमिटमध्ये कुणी पासवर्ड लिहून ठेवला असेल, तर तोही इमानेइतबारे सोबत जातो, आधी पासवर्ड बदला.) घोडं अडतं ते चर्चांपाशी. अमुक व्हॉल्व्ह अर्धा सेकंद उशिरा का उघडायचा, याचं कारण कोडमध्ये सापडत नाही. ते एखाद्या जुन्या इश्यूखालच्या शेऱ्यात असतं, आणि शेरे गिटमध्ये नसतात. इम्पोर्टर ते नेतो, पण नोकरी सोडून गेलेल्यांची नावं वाटेत गळू शकतात.

क्लाउडवाले आपल्यापेक्षा नीट सांभाळतात, हे मला मान्य आहे. तरी ३१ जानेवारी २०१७ला खुद्द गिटलॅबच्या अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेस उडाला. रिपॉझिटऱ्या वाचल्या, गेले त्यांत होते सुमारे सहा तासांतले इश्यू आणि शेरे! जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टनं मुंबईच्या नायरा एनर्जी या तेल कंपनीच्या सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, त्यानंतर त्या पुन्हा सुरू झाल्या. आणि अनेकजण कोड ठेवतात ते गिटहबही २०१८ पासून मायक्रोसॉफ्टचंच. नायराला कोर्टाची पायरी परवडली. मोरिवलीतल्या गाळ्यात बसलेल्या कंपनीनं कुठं जायचं?

तेव्हा जायचं तर खुशाल जा. फक्त रोज रात्री सगळ्या रिपॉझिटऱ्यांचा मिरर आणि आठवड्याला इश्यूंचा एक्स्पोर्ट स्वतःच्या डिस्कवर उतरवून घ्या, अधूनमधून तो उघडतो का तेही बघा. आणि ती डिस्क कल्याणला ठेवा, बदलापूरला ठेवा, पण कृपा करून मोरिवलीत ठेवू नका.