दंड-बैठका

मराठीतला 'दंड' हा शब्द मोठा गमतीचा आहे. तो भरावा लागतो, काढावा लागतो, वेळप्रसंगी थोपटताही येतो; आणि खांद्यापासून कोपरापर्यंतच्या हातालाही आपण दंडच म्हणतो. कोर्टकचेरी, आखाडा आणि माणसाचे शरीर असे तिन्ही या एका शब्दात गुण्यागोविंदाने नांदतात. बैठकीचेही तसेच. पुढाऱ्यांची बैठक निराळी, गाण्याची निराळी आणि पहिलवानाची निराळी. या तिसऱ्या बैठकीला आमच्या विद्यार्थिदशेत उठाबशा म्हणत आणि ती शिक्षा असे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केली. त्यामुळे आमच्या शाळेत उठाबशा काढणारा आता एकच इसम उरला आहे. तो म्हणजे मुख्याध्यापक!

रोज सकाळी प्रार्थनेच्या घंटेआधी, कार्यालयाचे दार लोटून घेऊन, मी लाकडी खुर्चीवर बसतो आणि उठतो. बसतो आणि उठतो. शिपायाला प्रथम वाटले की साहेबांचे काही हरवले आहे. आता तो बाहेर उभा राहून मोजतो आणि एखादी कमी पडली तर सांगतो.

माझे वय वर्षे छप्पन्न. बारा वर्षांपासून मधुमेह सोबतीला आहे, आठ वर्षांपासून रक्तदाब, आणि दोन्ही गुडघ्यांची झीज. तिन्ही पाहुणे मुक्कामालाच आलेले. ते जाणार नाहीत हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेले आहे. प्रश्न एवढाच होता की, त्यांच्यासह घर कसे चालवायचे?

आमचे गौतमपुरा इंदूरपासून पन्नास-साठ किलोमीटरवर. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई, म्हणजे अहिल्याबाईंच्या सासूबाई, यांच्या नावाने हे गाव ओळखले जाते. घरात मराठी, बाजारात माळवी आणि शाळेत हिंदी असा आमचा तीन ताटांवरचा संसार. सीमेवरच्या आपल्या वाचकांना याचे नवल वाटू नये. तेही एका दमात दोन भाषांत भांडतात आणि तिसरीत समेट करतात! बाहेरच्यांना गाव माहीत आहे ते हिंगोट युद्धामुळे. हिंगणबेटाचे फळ पोखरून त्यात दारू भरायची आणि पाडव्याच्या संध्याकाळी ती पेटती फळे एकमेकांवर फेकायची. गौतमपुऱ्याचे ते 'तुर्रा' आणि शेजारच्या रुणजीचे ते 'कलगी'. आपल्या शाहिरांचा कलगी-तुरा सवालजबाबांवर भागतो, इथे ढाली लागतात. बघ्यांच्या गर्दीत एखादे हिंगोट वाकडे आले तर चपळाईने बाजूला होता यायला हवे. गुडघे धरले तेव्हापासून मी तो सोहळा गच्चीवरूनच पाहत असे.

परंतु मी खुर्चीवर उठाबशा काढू लागलो त्या हिंगोटासाठी नव्हे. चार वर्षांपूर्वी माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. वाचा शाबूत राहिली, बुद्धी तर पूर्वीइतकीच धारदार. ब्याऐंशीव्या वर्षी तिला पलंगावरून उठवून खुर्चीत बसवणे, खुर्चीतून संडासापर्यंत नेणे, हे माझे आणि सौ.चे काम झाले. आणि ते आम्हा दोघांनाही झेपेना. मी वाकलो की गुडघा कळ देई, उठताना तोल जाई. मग शेजारची मुले हाकेसरशी येत. 'मास्साब, हम हैं ना!' म्हणत आणि आजीला फुलासारखी उचलत. मुले गुणी. पण रात्री दोन वाजता कुणाला हाक मारणार?

काही महिन्यांनी सौ.च्या लक्षात आले की, आई संध्याकाळी सहानंतर पाणीच पीत नाही. तहान नाही म्हणते. तहान होती, पण पाणी प्यायले तर रात्री उठावे लागेल, उठावे लागले तर मला उठवावे लागेल आणि माझ्याने ते होत नाही, हा हिशेब तिने कुणाला न सांगता मांडला होता. मे महिन्यातल्या माळव्यात! त्या दिवशी माझ्या प्रकृतीचा प्रश्न माझ्यापुरता उरला नाही.

इंदूरच्या डॉक्टरांनी आधी हृदयाचा आलेख काढला, डोळ्यांचे पडदे तपासून घेतले, पायांची संवेदना पाहिली आणि मगच परवानगी दिली. ते म्हणाले, चालता ते उत्तमच, पण चालण्याने ताकद फारशी वाढत नाही. ताकदीसाठी स्नायूंना भार द्यावा लागतो. त्यांनी समजावले ते मुलांना शिकवावे इतके सोपे होते. रक्तातल्या साखरेचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. काम करणारा स्नायू इन्सुलिनचा प्रभाव मंदावलेला असतानाही साखर ओढून घेतो. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. पन्नाशीनंतर हे स्नायू आपोआप झिजत जातात, आणि आजारी माणूस जपून-जपून बसून राहतो म्हणून त्याचे अधिकच झिजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशींतही हेच आहे. आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. आणि जुनाट आजार असलेल्यांनाही त्यातून सूट नाही.

पहिल्या दिवशी खुर्चीच्या हातांना धरून पाच बैठका झाल्या. दंड म्हणाल तर भिंतीला हात टेकून, आठ. जमिनीवरच्या पहिलवानी दंडांशी त्यांचे नाते लांबचे. पण नाते खरे. श्वास कोंडायचा नाही, कारण त्याने रक्तदाब उसळतो. उठताना मोजत राहायचे. अनवाणी करायचे नाही. खिशात दोन खडे खडीसाखर, घेरी आली तर. गुडघा दुसऱ्या दिवशीही ठणकला तर दोन बैठका कमी. महिन्याने हात सुटले. चार महिन्यांनी वीस झाल्या. मग पुस्तकांनी भरलेली पिशवी छातीशी धरून. अभ्यासक्रम बदलला की जुनी पुस्तके वाया जातात असे कोण म्हणतो?

या वयात हे शोभते का, असे एका सहकाऱ्याने विचारले. मला औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आठवले. १८६८ सालचा जन्म. आधी सँडोच्या पद्धतीचा व्यायाम करीत, आणि सूर्यनमस्कारांकडे वळले ते चाळिशीच्या सुमारास. पुढे ते व्रत त्यांनी सोडले नाही. संस्थानच्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले, १९३८ साली सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यावर इंग्रजी पुस्तकही काढले. ते राजे होते, मी गुडघ्याचा रोगी. तेव्हा याहून जवळचा दाखला सांगतो. १९९० साली बॉस्टनमध्ये एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावले. नऊ जणांनी तो क्रम पुरा केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! आपण तर अजून सेवानिवृत्तही नाही.

गाडी सरळ चालली असे मात्र नाही. गेल्या भाद्रपदात डेंग्यूने गाठले. तीन आठवडे अंथरुणावर काढून उठलो तेव्हा वीसच्या सहा बैठका झाल्या होत्या. इकडे शेजारी 'सेहत बनाओ' म्हणतात. आपण मराठीत शरीर 'कमावतो'. बनवलेली वस्तू कपाटात ठेवता येते. कमाईचे तसे नाही, ती थांबली की शिल्लक उतरू लागते. हा अर्थ मला त्या आश्विनात कळला. पण दुसऱ्यांदा कमवायला चार महिने लागले नाहीत, दोन पुरले. शरीराला जुनी ओळख राहते.

आज काय साधले? तीन महिन्यांची सरासरी साखर साडेआठावरून सव्वासातावर आली. गोळ्या चालूच आहेत, रक्तदाबाचीही सुटलेली नाही. गुडघे जिन्यावर अजून कुरकुरतात. सौ.देखील आता माझ्याबरोबर भिंतीला हात टेकते. घरकामात बायकांचा व्यायाम होतोच, या समजुतीवर आमच्या घरात तरी पडदा पडला आहे. गेल्या पाडव्याला गच्ची सोडून मैदानाच्या कडेपर्यंत गेलो आणि एकदा बाजूलाही झालो.

आणि आईचे. फिजिओथेरपी करणाऱ्या ताईंनी आम्हाला उचलण्याची रीत शिकवली. कमरेत वाकायचे नाही, गुडघे मोडायचे. रुग्णाला अंगाशी घट्ट धरायचे. हातांनी नव्हे, पायांनी उठायचे. म्हणजे पाहा, हीसुद्धा बैठकच! फक्त पुस्तकांच्या पिशवीच्या जागी जन्मदात्री. आता एकट्याने तिला पलंगावरून खुर्चीत घेता येते. पहिल्यांदा घेतले तेव्हा ती म्हणाली, 'पाडशील हो मला.' दुसऱ्यांदा काही बोलली नाही.

हल्ली तिच्या उशाशी रात्री तांब्या भरून ठेवलेला असतो. सकाळी तो अर्धा रिकामा असतो. साखरेचा आकडा कागदावर येतो आणि दर तीन महिन्यांनी बदलतो. मी रोज पाहतो तो तांब्या.