तंजावरची अक्का

यजमानांना अर्धांगवायूचा झटका येऊन तीन वर्षे झाली. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. त्यांना सारे समजते. परंतु ‘हो’ आणि ‘नको’ यांपलीकडे शब्द ओठांवर येत नाही. दर दोन तासांनी कूस बदलणे, उठवून बसवून सावकाश घास भरवणे, या क्रमात माझा एकही पूर्ण दिवस घराबाहेर गेला नव्हता. मुलाच्या नोकरीमुळे आम्ही तिरुचिरापल्लीस आलो, तेव्हा सूनबाई एके रात्री म्हणाल्या, “आई, उद्या बाबा माझ्याकडे. तुम्ही तंजावर पाहून या.” आनंदापेक्षा धास्तीच अधिक वाटली.

सकाळी आठच्या आत बृहदीश्वर मंदिरात पोहोचले. वयस्कांनी हीच वेळ साधावी. दुपारी अंगणातील दगड असा तापतो की अनवाणी पाऊल टेकवत नाही. राजराज चोळाने उभारलेले हे मंदिर इसवी सन १०१० च्या सुमारास पूर्ण झाले. सुमारे ६० मीटर उंचीचे ते विमान मान दुखेपर्यंत पाहिले खरे, पण मन घरीच होते. तासाभरात दोनदा फोन केला.

मी पाहावयास आले होते तो मराठी शिलालेख. व्यंकोजीराजांपासून येथे भोसल्यांचे राज्य होते. त्या घराण्याचा इतिहास दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये या मंदिराच्या भिंतीवर कोरवून घेतला. एकेक शब्द लावीत मी मोठ्याने वाचू लागले, तोच मागून आवाज आला, “अजून वाचा.” पंचाहत्तरीच्या एक बाई उभ्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या तंजावरात राहिलेल्या मराठी घरातल्या. घरी मराठी बोलतात, पण शाळा तमिळ. देवनागरी वाचता येत नाही. लहानपणापासून या भिंतीवरून हात फिरवला, परंतु ती काय सांगते हे त्यांना कोणी वाचून दाखविले नव्हते. जमेल तेवढे मी वाचले. “मला अक्का म्हणा,” त्या म्हणाल्या.

मग सावलीत बसून बोलणे झाले. माझा तिसरा फोन पाहून त्यांनी कारण विचारले आणि मी सांगताच क्षणभर गप्प राहिल्या. त्यांच्या यजमानांचीही वाचा अशीच गेली होती. सहा वर्षे त्यांनी केले. “आमच्याकडे भजनाची रीत,” त्या म्हणाल्या. “एक दिवस मी भजन धरलं, तर हे शब्दांसकट मागून म्हणाले! तुम्ही गाऊन पाहिलंत का?”

मी पाहिले नव्हते. पुढे वाचाउपचारतज्ज्ञ बाईंनी त्यामागील कारण सांगितले. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचे केंद्र डाव्या बाजूस असते, सुरांचे काम मात्र बरेचसे उजवीकडे चालते. म्हणून शब्द हरवलेली काही माणसे ओळखीचे गाणे म्हणू शकतात. सर्वांना हे साधत नाही. ज्यांना साधते त्यांच्या उपचारात ओळखीच्या चालीवर छोटी वाक्ये बसवून घेतात.

दुपारी अक्कांनीच मला सरस्वती महाल ग्रंथालयात नेले. सरफोजीराजांना वैद्यकाची मोठी आवड. नेत्ररुग्णांच्या त्यांनी ठेवविलेल्या सचित्र नोंदी याच संग्रहात आहेत. वाटेत इडली-सांबार झाले. पैसे त्यांनी देऊ दिले नाहीत. त्यानंतर घरी फोन करावयाचे राहूनच गेले, हे गाडीत बसल्यावर ध्यानात आले.

त्या रात्री यजमानांना कुशीवर वळविताना मी गणपतीची आरती धरली. तीन दिवस ते नुसते पाहत राहिले. चौथ्या रात्री धृपदावर त्यांचा डावा हात गादीवर ठेका धरू लागला आणि ‘जय देव’ हे दोन शब्द माझ्या मागोमाग स्पष्ट आले. सूनबाई दारात उभ्या होत्या.

मी अक्कांना फोन लावला आणि तो यजमानांच्या उशीशी धरला. पलीकडून त्याच चालीवर, तमिळ वळणाच्या मराठीत, पुढचे कडवे सुरू झाले.