कथा दाखवायची कुणाला?

मालवणात कथा लिहिणाऱ्या पोराची खरी अडचण कथा लिहून झाल्यावर सुरू व्हायची. ती दाखवायची कुणाला? वडील म्हणायचे, आधी बारावीचं बघ. आई कौतुकाने हातात घ्यायची आणि चुलीवरचं उतू गेलं म्हणून खाली ठेवायची. उरायचे ते हायस्कुलातले मराठीचे सर, नाहीतर नगर वाचन मंदिरात रोज संध्याकाळी येऊन बसणारे एखादे निवृत्त गृहस्थ, जे फडके-खांडेकर कोळून प्यायलेले असत. त्यांच्यापाशी विषय काढायला आम्हाला आठवडेच्या आठवडे लागत. पुस्तक बदलायच्या निमित्ताने जायचं आणि कथा पिशवीत तशीच ठेवून परत यायचं.

आता ही धाकधूक उरलेली नाही. रात्री जेवणं आटोपल्यावर मोबाइलवर कथा पुरी होते आणि झोपायच्या आधी ती देवगडपासून दोडामार्गापर्यंतच्या, शिवाय डोंबिवलीच्या आणि दुबईच्याही मंडळींसमोर असते. लिहिणाऱ्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, २०१४ साली सुरू झालेलं 'प्रतिलिपी' हे कथा टाकायचं ऑनलाइन व्यासपीठ आहे, टाळेबंदीत रुळलेलं झूमवरचं कथावाचन आहे. नव्या लेखकाला कुणाच्या ओटीखाली ताटकळत उभं राहावं लागत नाही. हे चांगलंच झालं. ज्यांनी त्या ओट्या पाहिल्या आहेत त्यांना ते विशेष कळतं.

पण कथा दाखवण्याआधी ती उतरवून काढावी लागे, आणि त्या उतरवण्याची आठवण आमच्या पिढीच्या बोटांतून जात नाही. फुलस्केप कागद, डावीकडे दुमडून पाडलेला समास, पानाच्या एकाच बाजूला मजकूर. पावसाळ्यात आमच्याकडे कागद सर्द होतो, शाई फुटते. म्हणून कागदांची चवड चुलीच्या उबेला फळीवर ठेवावी लागे. वीज गेली की कंदील. पहिल्या लिखाणात जे वाक्य ऐटीत उभं असायचं, ते सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहिताना हाताला जड वाटायचं आणि हात ते गाळून पुढे जायचा. संपादन म्हणतात ते आम्ही असं शिकलो, मनगट दुखल्यामुळे. मग ती प्रत सरांकडे. सर ती लगेच वाचत नसत. पेपर तपासायचे असत, घरात कुणाचं बारसं असे, कलमांची आळी करायची असत. आणि एक दिवस वाचनालयाच्या पायरीवर ते कागद परत देत. पेन्सिलीच्या बारीक खुणा, कुठे एखादं प्रश्नचिन्ह, आणि तोंडी एवढंच: "बरा लिवलंस. पण ही बाई अशी बोलाची नाय." एवढ्या एका वाक्यावर आम्ही महिनाभर जगायचो. ती बाई कशी बोलेल ते ऐकायला बाजारात मासळीच्या वाट्यांपाशी जाऊन उभे राहायचो.

आज कथा टाकल्यावर पहिला अभिप्राय येतो तो ती वाचून होण्याइतका वेळ जायच्या आत. 'अप्रतिम', 'खूप सुंदर', जोडलेले हात, फुलांचा गुच्छ. त्यामागचा जिव्हाळा खरा असतो, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पहिल्यांदा लिहिणाऱ्याला धीर लागतो आणि तो धीर हे लोक देतात. आमच्या काळी अनेकांचं लिहिणं धीर न मिळाल्यामुळेच थांबलं. ती बाई अशी बोलणार नाही, हे मात्र त्या गुच्छांत कुणी सांगत नाही. सांगायचं तर आधी पूर्ण वाचावं लागतं, नंतर थोडा वाईटपणा घ्यावा लागतो, आणि ग्रुपवर शंभर जणांदेखत तो कोण घेणार?

पुढचा टप्पा टपालाचा. कथा बुकपोस्टने गिरगावात किंवा पुण्याला जायची. सोबत आपलाच पत्ता लिहिलेलं, तिकिटं लावलेलं पाकीट घालायचं, म्हणजे ती परत यायची तरतूद आपणच करून द्यायची. पुढे कधीतरी पोस्टमन दारात यायचा आणि पाकिटावरचं अक्षर ओळखीचं असायचं, आपलंच. गणपतीला आलेला कुणी चाकरमानी भरवशाचा असला तर कथा त्याच्या हाती द्यायची. तो ती मुंबईत नेऊन मासिकाच्या कचेरीत पोचवायचा आणि पुढच्या शिमग्याला येताना निरोप आणायचा. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नव्या लेखकाला पत्रं लिहीत, कथेतल्या एखाद्या जागेवर त्याच्याशी चर्चा करत, पुन्हा लिहायला लावत. असं एखादं पत्र तालुक्यात कुणाला आलं की ते हातोहात फिरे. ज्याला आलं नव्हतं तोही ते वाचून शिके.

आज कथा ईमेलने जाते, क्षणात पोचते, हरवत नाही. एकुलती एक प्रत टपालात गहाळ झाल्याचं दुःख नव्या मुलांना कळणार नाही, आणि न कळो. पण बहुतेक ठिकाणांहून नकार येतच नाही. नुसती शांतता येते. 'साभार परत'ची छापील चिठ्ठी आम्हाला जिव्हारी लागायची. तरी तिच्यावर कुणाची तरी सही असायची, आपले कागद कुणीतरी हाताळले याचा तो पुरावा असायचा.

इथे आम्ही स्वतःलाच थांबवतो, कारण या आठवणीत एक मोठा खोटेपणा शिरू शकतो. नव्या लेखकाला वाचणाऱ्यांची, संपादकांची ती सोबत होती कुठे? मुंबईत. दिवाळी अंकाची प्रथा १९०९ साली ज्यांच्या 'मनोरंजन'ने पाडली, ते काशीनाथ रघुनाथ मित्र मूळचे आजगावचे, पण मासिक काढलं मुंबईत. जयवंत दळवी आरवलीचे, मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे, विंदा करंदीकर देवगड तालुक्यातल्या धालवलीचे, मधु मंगेश कर्णिक करूळचे. सगळ्यांना घाट किंवा समुद्र ओलांडावा लागला. चिं. त्र्यं. खानोलकर कुडाळात खानावळ चालवत. १९५४ साली 'सत्यकथे'ने त्यांची कविता 'आरती प्रभू' या नावाने छापली, आणि १९५९ च्या सुमारास तेही मुंबईला गेले. 'रात्र काळी घागर काळी' आणि 'कोंडुरा' या कादंबऱ्या त्यानंतरच्या. त्यांतली माणसं मात्र इथलीच. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्यात शिकवत राहिले आणि लिहीत राहिले, पण तो अपवाद. तशी इथे वाचनाला तोटा नव्हता. सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर तर १८५२ पासूनचं. वाचायला घरचं छप्पर होतं, लिहायला परमुलूख.

आणि त्या वाचनालयाच्या पायरीवर कोण बसायचं, हेही नीट आठवलं पाहिजे. आमच्यासारखी मुलं. मुली नव्हत्या. बायका पुस्तक बदलायला पोराला पाठवत आणि 'कालच्यासारखंच आण' म्हणून सांगत. त्यांतल्या कितीजणी हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर काय लिहीत होत्या, ते कुणी विचारलं नाही. मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्या मुलाच्या हातची कथा सरांपर्यंत आल्याचं आमच्या आठवणीत नाही. आली असती तर तिच्यातली मालवणी 'शुद्ध' झाली असती. मालवणी संवादात चालायची, निवेदनात नाही. 'सत्यकथे'च्या दारातूनही सगळ्यांना वाट मिळत नव्हती. १९६९ साली लघुअनियतकालिकं काढणाऱ्या तरुणांनी तिचा अंक जाळला तो त्याच रागातून. दलित लेखकांना आपली सोबत आपणच उभारावी लागली. गंगाधर पानतावणे यांचं औरंगाबादहून निघणारं 'अस्मितादर्श' नियतकालिक आणि त्याचे लेखक-वाचक मेळावे ही खरी आधाराची जागा होती, आणि आम्हाला तिचा पत्ताही उशिरा लागला. 'सत्यकथा' १९८२ साली बंद झाली तेव्हा आम्ही पोरके झालो म्हणून हळहळलो. जे मुळात त्या घरात कधी नव्हतेच, त्यांचं काय गेलं असेल?

पुढे चित्र पालटत गेलं, आणि मोबाइल येण्याच्या बरंच आधी. १९९१ साली कर्णिकांच्या पुढाकाराने कोकण मराठी साहित्य परिषद स्थापन झाली आणि तालुक्याच्या गावी कथा वाचायला व्यासपीठ मिळालं. आचऱ्याच्या रामेश्वर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयांनी कार्यक्रमांना जागा दिली. सावंतवाडीत राहून, तिथेच महाविद्यालयात शिकवत प्रवीण बांदेकरांनी 'नवाक्षर दर्शन' हे नियतकालिक चालवलं, 'चाळेगत' ही कादंबरी लिहिली, आणि 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या'ला २०२२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मुंबईला न जाता. आमच्या सरांना हे सांगितलं असतं तर त्यांना किती बरं वाटलं असतं, आणि थोडं अवघडही. 'मुंबई गाठ' हाच त्यांचा शेवटचा सल्ला असायचा.

तेव्हा जुनी सोबत न्याय्य होती असं आम्ही म्हणत नाही. ती अरुंद होती, उशिरा मिळायची, आणि नशिबाने मिळायची. तिच्यातली एकच गोष्ट आम्हाला परत हवी आहे: तुमच्यापेक्षा जास्त वाचलेल्या एका माणसाने तुमची कथा शेवटपर्यंत, वेळ काढून, पेन्सिल हातात धरून वाचणं. ती आपोआप परत येणार नाही हे कळल्यावर आम्ही काहीजण आता ते काम स्वतः करू लागलो आहोत. ग्रुपवर गुच्छ पाठवायचा नाही. कथा छापून घ्यायची, वाचायची, आणि दोन दिवसांनी फोन करायचा. फोनवर बोललेलं ग्रुपसमोर जात नाही, म्हणून दोघांनाही मोकळेपणाने बोलता येतं.

तारकर्लीला पर्यटकांच्या जेवणाची व्यवस्था सांभाळणारी एक मुलगी पावसाळ्यात, हंगाम संपल्यावर, लिहिते. गाव देवबाग, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली खाडी, मधे एवढीशी जमीन. तिच्या कथेत ज्याचं परसू दरवर्षी थोडं थोडं समुद्रात जातं असं घर आहे आणि ते सोडायला तयार नसलेली म्हातारी आहे. निवेदन सगळं मालवणीत. तिच्या फोनला आम्ही अंमळ तयारी करूनच बसतो. शेवटी वादळ आणलंय ते काढून टाक, म्हातारीच्या हट्टानेच कथा पुरी होते, असं आम्ही तिला कळवलं. तिचं म्हणणं, वादळ तिने आणलेलं नाही, ते दरवर्षी येतंच. ज्यांचं घर समुद्रापासून दूर, भरडावर आहे त्यांना ते जास्तीचं वाटतं. यावर आम्ही पुन्हा सगळी कथा वाचली. म्हातारीबद्दलचं आमचं मत आम्ही सोडलेलं नाही, आणि तीही वादळ सोडायला तयार नाही. रविवारी ती परत फोन करणार आहे.